दोन्ही घरचा पाहुणा

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने रचली त्याला शहरातील घरखरेदीचा अनुभव नसावा. दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या शहरांत ज्याला ‘प्रॉपर्टी डीलर’ म्हणतात, तो विकणाऱ्याच्या घरीही जेवतो आणि घेणाऱ्याच्या घरीही. रूढ प्रथा अशी की व्यवहाराच्या किमतीवर एक टक्का या बाजूकडून, एक टक्का त्या बाजूकडून. मुंबईत टक्केवारी याहून चढी असते, तत्त्व मात्र तेच.

दलाल नकोच, असे माझे म्हणणे नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मध्यस्थाचे वावडे असण्याचे कारण नाही; अपरिचित शहरात विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देणे ही खरी सेवा आहे आणि तिचे मोल दिले पाहिजे. माझा आक्षेप वेगळा आहे. आपल्या शहरांत केवळ घेणाऱ्याच्या बाजूने उभा राहणारा, त्याच्याकडूनच पैसे घेणारा आणि त्यालाच बांधील असणारा मध्यस्थ जवळजवळ नाही. त्याची गरज कायद्याने ओळखलेली नाही आणि ग्राहकांनीही ती ओळखलेली नाही. दोहोंपैकी कोणाचा दोष अधिक, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

माझाच अनुभव सांगतो. सरकारी निवासस्थानांत आयुष्य काढणाऱ्याला स्वतःच्या घराची आठवण उशिराच होते. चाळिशी उलटल्यावर, २०१३ साली, मी द्वारकेतील एका सहकारी सोसायटीत जुनी सदनिका घेतली. डीलर बोलण्यात अत्यंत गोड. ‘आप तो अपने आदमी हैं’ हे वाक्य त्याने मला पहिल्याच भेटीत ऐकवले. चहा घेता घेता भविष्यनिर्वाह निधीतून किती रक्कम काढणार, कर्ज किती मंजूर झाले, मुलीची शाळा एप्रिलमध्ये सुरू होते म्हणून ताबा केव्हा हवा, हे सारे त्याने माझ्याकडून काढून घेतले आणि मीही भाबडेपणाने सांगितले. ‘बयाना’ देऊन झाला, खरेदीखत नोंदले गेले. पुढे काही महिन्यांनी मूळ मालक पत्र न्यायला घरी आले, तेव्हा सहज बोलण्यात निघाले की ते चार लाख कमी घ्यायलाही तयार होते. डीलरनेच त्यांना ‘थांबा, पार्टी घाईत आहे’ असे सांगितले होते. त्याच डीलरला मी एक टक्का दिला होता, आणि वर मिठाईचा डबाही.

अर्थशास्त्रात याला नाव आहे. प्रत्येक पक्षाच्या मनात एक अखेरची किंमत असते. विकणाऱ्याची ‘याखाली नाही’ आणि घेणाऱ्याची ‘याच्यावर नाही’. सौदा या दोन आकड्यांच्या मधे कोठेतरी ठरतो. हे दोन्ही आकडे ठाऊक असलेला जगात एकच मनुष्य असतो, आणि त्याची कमाई सौदा होण्यावर अवलंबून असते, सौदा चांगला होण्यावर नव्हे. तो अप्रामाणिक आहे असे समजण्याचीही गरज नाही. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. एजंट स्वतःचे घर विकतो तेव्हा ते सरासरी साडेनऊ दिवस अधिक बाजारात ठेवतो आणि सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत मिळवतो, असे त्यांना आढळले. गिऱ्हाइकाचे घर मात्र पहिल्याच बऱ्या बोलीला निघते. तेथे तर तो एकाच पक्षाचा पगारी होता. दोन्ही पक्षांचा पगार खाणाऱ्याची गत काय असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता एक गमतीची गोष्ट. मी सदनिका घेतली तेव्हा केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील अठराव्या नियमानुसार मला माझ्या विभागास आधी कळवावे लागले. विक्रेता कोण, त्याच्याशी माझा नातेसंबंध वा कार्यालयीन संबंध आहे काय, पैसा कोठून येणार, सारे विहित नमुन्यात. विक्रेत्याशी माझे शासकीय कामाचे संबंध असते, तर केवळ कळवून भागले नसते, पूर्वपरवानगी लागली असती. शिवाय दरवर्षी ३१ जानेवारीपर्यंत मालमत्तेचे विवरण आहेच. याबद्दल माझी तक्रार नाही. हितसंबंधांचा संघर्ष उघड केला पाहिजे हे तत्त्व योग्यच आहे. मात्र त्याच व्यवहारात, त्याच टेबलापाशी, दोन्ही पक्षांकडून पैसे घेणारा जो तिसरा मनुष्य बसला होता, त्याने कोणाला काहीही लिहून द्यावे अशी अपेक्षा शासनाने केलेली नव्हती.

यावर आमच्या वर्तुळात हमखास उत्तर मिळते, ‘आता रेरा आला ना!’ स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा चांगला कायदा आहे आणि त्याने बिल्डरांना बऱ्यापैकी वठणीवर आणले, हे मी मान्य करतो. एजंटांच्या बाबतीत मात्र त्याची मजल नोंदणीपर्यंतच आहे. नवव्या कलमाने एजंटाला नोंदणी सक्तीची केली, दहाव्याने हिशेब ठेवणे, नोंदणी नसलेला प्रकल्प न विकणे, खोटी माहिती न देणे अशी कर्तव्ये सांगितली, आणि बासष्टाव्या कलमात दररोज दहा हजार रुपयांप्रमाणे, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, दंडही ठेवला. पण एजंटाची व्याख्या पाहा. ती ‘एका व्यक्तीच्या वतीने’ वाटाघाटी करणाऱ्यापासून सुरू होते आणि लगेच घेणारे व विकणारे यांची एकमेकांशी ओळख करून देणाऱ्यालाही पोटात घेते. तू नेमका कोणाचा, आणि मोबदला कोणाकडून किती घेतलास, हे दोन्ही पक्षांना लेखी सांगण्याचे बंधन दहाव्या कलमात नाही. शिवाय नोंदणीची ही सक्ती रेराकडे नोंदलेल्या प्रकल्पांतील विक्रीपुरती आहे. वीस-तीस वर्षांच्या जुन्या सोसायटीतील सदनिकेचा व्यवहार, म्हणजे तुम्ही-आम्ही प्रत्यक्षात जे व्यवहार करतो त्यांतील मोठा भाग, तिच्या बाहेरच राहतो. महाराष्ट्रात महारेराने २०२३ मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, ते स्तुत्य आहे. परंतु परीक्षा उत्तीर्ण झालेला मनुष्यही दोन्हीकडून टक्का घेऊ शकतोच.

विशेष म्हणजे मूळ तत्त्व आपल्याकडे दीडशे वर्षांपासून लिहून ठेवलेले आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील अभिकर्त्यांविषयीचे प्रकरण उघडावे. २१५ व्या कलमाखालील दृष्टांत असा आहे की, एकाने दुसऱ्याला आपली मालमत्ता विकण्यास सांगितले आणि त्याने ती तिसऱ्याच्या नावाने स्वतःच घेतली. महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपवली गेली किंवा व्यवहार तोट्याचा ठरला, हे मूळ मालकाने दाखवल्यास तो असा व्यवहार नाकारू शकतो. कायदा करणाऱ्यांना दलाल ओळखू येत होता! अडचण एवढीच की या कलमांचा आधार घेण्यासाठी तुम्ही ‘प्रधान’ आणि तो तुमचा ‘अभिकर्ता’ हे नाते सिद्ध व्हावे लागते. तोंडी बोलणे, चहाचा पेला आणि भ्रमणध्वनीवरचे चार निरोप यांतून ते कसे सिद्ध करणार?

बृहन्महाराष्ट्रातील वाचकांनी हा दृष्टांत विक्रेता म्हणूनही लक्षात ठेवावा. इंदूर, बंगळूरु किंवा न्यू जर्सी येथे स्थायिक झालेल्या कितीतरी कुटुंबांची पुण्यात वा नागपुरात आईवडिलांच्या पश्चात बंद पडलेली सदनिका असते. रजा मिळत नाही, भावंडांचे एकमत होत नाही, मग कोणी ‘ओळखीचा’ एजंट पुढे येतो आणि त्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र केले जाते. मुखत्यारपत्र आणि दलाली एकाच हातात देणे म्हणजे तिजोरीची किल्ली आणि हिशेबाची वही दोन्ही एकालाच देणे होय. घेणाऱ्यासाठीही येथे एक खड्डा आहे. पन्नास लाख वा अधिक किमतीच्या व्यवहारात विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का आयकर कापून भरायचा असतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. विक्रेता अनिवासी असेल तर हा सोपा नियम लागू होत नाही, कपात बऱ्याच चढ्या दराने करावी लागते, आणि ती न केल्यास जबाबदारी घेणाऱ्यावर येते. दोन्ही बाजूंचा डीलर हे तुम्हाला आपणहून सांगेल काय? सांगितल्यास सौदा लांबतो.

‘वकील असतो की’, असे म्हटले जाते. वकील असतोच, परंतु बहुधा बयाना दिल्यानंतर येतो आणि अनेकदा डीलरनेच सुचवलेला असतो. बँक कागद तपासते ती स्वतःच्या कर्जाच्या सुरक्षिततेसाठी. किंमत वाजवी आहे की नाही, छत गळते की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नसते. आणि माझे तंत्रज्ञानप्रेमी सहकारी म्हणतात की सारे अभिलेख संगणकावर आले की दलाल आपोआप नाहीसा होईल. हे मला पटत नाही. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाखाली आपण दस्त नोंदतो, मालकी नोंदत नाही. दस्त नोंदला गेला म्हणून विकणारा खरा मालक होता याची हमी शासन देत नाही. दिल्लीत तर वर्षानुवर्षे मुखत्यारपत्र, विक्रीकरार आणि मृत्युपत्र या तीन कागदांवर घरे हातोहात फिरली. सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये स्पष्ट सांगितले की अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही. अशा जंगलात वाटाड्या लागतोच. मात्र तो आपला असावा.

अमेरिकेतही हा वाद नुकताच पेटला होता. तेथे घेणाऱ्याचा वेगळा एजंट असतो, पण त्याचे पैसे विकणाऱ्याच्या दलालीतून निघत, आणि विकणाऱ्यांनी त्याविरुद्ध दावे केले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मिसुरीतील ज्यूरीने एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्ध आणि काही दलाली कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. मार्च २०२४ मध्ये ४१.८ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून त्या संघटनेच्या यादीव्यवस्थेतील एजंटाला घर दाखवण्यापूर्वी ग्राहकाशी लेखी करार करावा लागतो. त्यांचे सारे अनुकरण करावे असे मी म्हणणार नाही. पण ‘आधी करार, मग घर’ एवढे तरी उचलण्यासारखे आहे.

आपल्याकडे करायचे ते फार अवघड नाही. रेराच्या दहाव्या कलमात एका वाक्याची भर घालावी: एजंटाने घर दाखवण्यापूर्वी आपण कोणाचे आणि मोबदला कोणाकडून किती, हे दोन्ही पक्षांना लेखी कळवावे, जुन्या घरांच्या व्यवहारांनाही हे लागू करावे. आणि घेणाऱ्याने स्वतःचा मनुष्य नेमताना त्याला टक्केवारी देऊ नये. टक्केवारीवरचा एजंट तुमचा असला तरी किंमत चढली की त्याचे भले होते आणि ‘हे घर घेऊ नका’ म्हटले की त्याचे बुडते. ठोक रक्कम ठरवावी, आणि सौदा न झाला तरी तिचा काही भाग द्यावा. न झालेल्या सौद्याचे पैसे मोजणे आम्हा मराठी मध्यमवर्गीयांच्या जिवावर येते, हे मी जाणतो. पन्नास रुपयांच्या भाजीत कोथिंबीर फुकट मागणारी माणसे आपण.

माझे एक स्नेही पुढील वर्षी निवृत्त होत आहेत. दिल्लीलगतच्या शहरात नव्वद लाखांची एक सदनिका त्यांना पसंत पडली. डीलर म्हणाला, ‘रजिस्ट्री हो जाएगी.’ या पट्ट्यात बरीचशी जमीन प्राधिकरणाकडून भाडेपट्ट्याने घेतलेली असते आणि बिल्डरने थकबाकी भरली नाही तर राहत्या घरांचीही नोंदणी अडते. अमिताभ कांत समितीने २०२३ च्या अहवालात अशा घरांची नोंदणी थकबाकीपासून वेगळी करावी अशी शिफारस केली ती याचसाठी. मी त्यांना सुचवले की, डीलरकडे न जाणारा एखादा जाणकार चाळीस हजारांत नेमा, थकबाकी, नकाशा, सोसायटीचे देणे सारे पाहून घ्या. ते म्हणाले, ‘अहो, चाळीस हजार नुसते कागद वाचायचे?’ डीलरला नव्वद हजार द्यायची त्यांची तयारी होती. अखेर ‘मी केवळ खरेदीदाराच्या वतीने काम करीत असून विक्रेत्याकडून मोबदला घेणार नाही’ असे एक वाक्य लिहून त्यावर डीलरची सही मागण्याइतपत मी त्यांचे मन वळवले. डीलर हसला, चहा मागवला, आणि ‘भाईसाहब, ऐसे काम नहीं होता’ म्हणाला. आठवड्याभरात ती सदनिका त्याने दुसऱ्या पार्टीला दिली. स्नेही अजून माझ्यावर थोडे रुष्ट आहेत.