लग्नाच्या कॅसेटशेजारचा इतिहास

इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत आला तो २००४ साली. कांपालचा परिसर तेव्हापासून दर महोत्सवाला नटतो, मांडवीकाठी दिवे लागतात, आणि अलीकडे त्या गर्दीत माहितीपटवाल्यांनाही बसायला जागा मिळू लागली आहे. भारतीय पॅनोरमात कथाबाह्य चित्रपटांचा विभाग आहेच. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) फिल्म बाजारात २०२३ पासून माहितीपटांच्या प्रकल्पांसाठी सहनिर्मितीचा वेगळा बाजार भरतो. मुंबईच्या मिफ या माहितीपट महोत्सवातही २०२४ साली डॉक फिल्म बाजार झाला. चांगलीच गोष्ट आहे. पण तिथे जायला इंग्रजीत लिहिलेला प्रस्ताव लागतो, कापून-जोडून तयार केलेली झलक लागते आणि परदेशी निर्मात्यासमोर आपली गोष्ट पाच-दहा मिनिटांत मांडण्याची सवय लागते. पेडण्यात किंवा डिचोलीत फोटो-व्हिडिओचे दुकान चालवणारा माणूस त्या दाराशी पोचत नाही. त्याच्याकडे असलेला जुन्या चित्रणांचा ऐवज मात्र त्या बाजारातल्या अनेकांकडे नाही.

वीस वर्षांत गोव्यातले कुठले तालुके सर्वाधिक पालटले, असे विचारले तर ही दोन नावे आधी घ्यावी लागतील. डिचोलीच्या खाणी सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदीची मोहोर उठवली. २०१४ मध्ये अटींसह वाट मोकळी झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने ८८ लीझ रद्द केल्या. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, रस्त्याकडेचे चहावाले, सगळ्यांचे संसार या तारखांनी हलवले. दुसरीकडे शिरगावसारख्या गावात खाणी खोल जात राहिल्या आणि विहिरी आटत गेल्या. त्या विहिरींची आणि शेतांची भरल्या पाण्याची चित्रे कोणाकडे आहेत? असतीलच, तर एखाद्या मुंजीच्या चित्रणात, पाहुण्यांच्या पाठीमागे.

पेडण्यातला मोपाचा सडा याहून बोलका. तिथल्या विमानतळाला पर्यावरण परवाना मिळाला २०१५ मध्ये. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो स्थगित ठेवला, कारण आसपासच्या जंगलांविषयी आणि संवेदनशील भागांविषयी अर्जात द्यायला हवी होती ती माहिती नीट दिलेली नव्हती. जानेवारी २०२० मध्ये अटी वाढवून काम पुन्हा सुरू झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. पन्नास हजारांच्या आसपास झाडांचा प्रश्न होता आणि सडा ओसाड की जिवंत यावर वर्षानुवर्षे वाद झाला. अशा वादात गुरे चारणाऱ्या धनगरांच्या नेहमीच्या दिवसाचे, पावसाळ्यात फुललेल्या सड्याचे तारखेनिशी चित्रण हाताशी असते, तर ते कलाकृती ठरले नसते कदाचित, पण पुरावा नक्कीच ठरले असते.

माहितीपटाला निधी हवा, उपकरणे हवीत, प्रशिक्षण हवे, हे सगळे मान्य. तरी या दोन तालुक्यांपुरते पहिले काम वेगळे आहे. जे चित्रित होऊन पडले आहे, ते वाचवण्याचे.

दशावतारी नाटकाचे उदाहरण घेऊ. पेडण्यात आणि पलीकडच्या सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री जे नाटक उभे राहते, त्याला लिखित संहिता नसते. रंगपटात कथानक ठरते आणि नट रंगमंचावर जाऊन स्वतःच्या जिवावर संवाद बोलतात. म्हणजे एखाद्या थोर नटाने एका रात्री जी जुगलबंदी केली, ती दुसऱ्या रात्री तशीच होत नाही. पुस्तकात ती सापडणार नाही, कारण ती कोणी लिहिलेलीच नव्हती. ती उरली असेल तर देवस्थान समितीने बोलावलेल्या व्हिडिओवाल्याच्या कॅसेटमध्ये. साळच्या गड्यांच्या जत्रेचे, शिरगावच्या लईराईच्या होमकुंडाचे, पेडण्याच्या पुनवेचे तेच. प्रथा तीच असली तरी माणसे, घरे, रस्ते आणि बोलणे दरवर्षी थोडे बदलते, आणि हा बदलच उद्याच्या दिग्दर्शकाला हवा असतो.

या चित्रणांना नाके मुरडणारे पुष्कळ भेटतील. कॅमेरा हलतो, मध्येच गुलाबाची फुले उमलतात, वर सिनेगीत घातलेले असते. असू द्या. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हेही मूळचे छायाचित्रकारच. त्यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचा सामना चित्रित केला, आणि भारतीय माहितीपटाच्या इतिहासाची सुरुवात तिथूनच सांगितली जाते. त्या कुस्तीत कला किती होती याची चौकशी आज कोणी करत नाही.

जुन्या चित्रणाची किंमत आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये दिसते. १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. चित्रपट पुरा व्हायला २०११ उजाडले. पण त्यात घोगरे गाताना दिसतात, कारण पटवर्धनांनी त्यांना ‘बॉम्बे अवर सिटी’साठी १९८०च्या दशकातच चित्रित केले होते. गोव्यातच सौम्यानंद साही यांनी २०१६ मध्ये साळावली धरणाखाली गेलेल्या कुर्डी गावावर ‘रिमेम्बरिंग कुर्डी’ केला. गाव पाण्याखाली गेलेले, त्यामुळे भिस्त आठवणींवर ठेवावी लागली.

वेळ मात्र थोडा आहे. जगातला शेवटचा व्हीसीआर जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये बनवला. चुंबकीय फितींच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता, की २०२५ पर्यंत डिजिटल न झालेले बरेचसे कायमचे जाईल. ते वर्षही आले. कोकणच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या व्हीएचएसला बुरशी धरायला दोन-तीन हंगाम पुरतात. फीत तग धरून राहिली तरी मिनीडीव्ही वाचणारा चालू कॅमेरा शोधावा लागतो, आणि दुरुस्त करणारे हात त्याहून दुर्मीळ.

कागद जपण्यात गोवा मागे नाही. पणजीचे पुराभिलेखागार १५९५ पासून मोजले जाते आणि मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासून. एवढ्या जुन्या परंपरेत कॅसेट बसत नाही, याचे कारण केवळ एवढेच की ती मागायला कोणी दुकानात गेले नाही. एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवाने महोत्सवाच्या खर्चातला एक छोटा तुकडा याकडे वळवला, तर साखळीच्या रवींद्र भवनात एक आणि विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयात एक अशी फिती डिजिटल करणारी दोन यंत्रे बसू शकतात. एक संगणक, दोन-तीन जातींच्या फिती वाचणारे प्लेअर, मोठी हार्ड डिस्क आणि शिकलेला एक मुलगा किंवा मुलगी. कॅसेट देणाऱ्याला तिथल्या तिथे डिजिटल प्रत मिळावी आणि चित्रणाचा हक्क त्याच्याकडेच राहावा. कोणी दिग्दर्शक ते वापरणार असेल तर मोबदला ठरवून द्यावा. नाहीतर हे लोक कपाट उघडणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूकही नसेल.

परवानगीचाही प्रश्न आहे, आणि तो सोपा नाही. धालोच्या मांडावर बायकांनी गायलेले, कोणाच्या मयताच्या वेळी टिपलेले, देवाच्या अवसराचे चित्रण, हे सगळे कोणालाही दाखवायचे नसते. प्रत जपणे आणि ती खुली करणे या दोन वेगळ्या पायऱ्या ठेवल्या आणि दुसरीसाठी त्या-त्या गावाला विचारले, तर बरीच भांडणे आधीच टळतील.

नवे चित्रण थांबवा, असे यात कुठेच नाही. लक्ष्मीकांत शेटगावकर यांच्या ‘पलतडचो मनीस’ला २००९ मध्ये टोरांटोत फिप्रेस्की पुरस्कार मिळाला, तेव्हा गोव्यातली गोष्ट जगाला कळते हे सिद्ध झालेच. माहितीपटाला मात्र आधी साठा लागतो. महाविद्यालयातल्या पाच-सहा विद्यार्थ्यांनी डिचोली बाजार आणि पेडणे शहर इथली स्टुडिओंची दुकाने फिरून कोणाकडे कुठल्या वर्षाचे काय आहे, याची वही भरायला घेतली, तर त्याला ना प्रस्ताव लागतो, ना सरकारी मंजुरी. मृगाच्या आधी ते उरकले तर एक पावसाळा वाचेल.