गच्चीवरची वांगी विकू नका, वांग्याचं झाड विका



"सर, गच्चीवर वीस पिशव्या वांगी लावली तर महिन्याला किती सुटतील?" हा प्रश्न मला सारखा येतो. माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. तरी देतो, कारण मागच्या वर्षी एका ताईंनी भिशीचे आठ हजार रुपये याच प्रश्नामागे घातले आणि उत्तर त्यांना चार महिन्यांनी मिळालं.

आधी वही घ्या. पिशवी, माती, शेणखत, कोकोपीट मिळून एका झाडाला १३० रुपये धरा. वीस झाडांचे २,६००. बी, निंबोळी अर्क, सापळा यांचे ४००. झाले ३,०००. आता उत्पन्न. चांगली निगा राखून झाडामागे दोन किलो निघाले, तर चाळीस किलो. ५० रुपये भाव मिळाला तरी २,०००. म्हणजे पहिल्या हंगामात हजाराचा खड्डा, आणि तुमची मजुरी शून्य धरून! तुमच्या गावातले भाव वेगळे असतील. आकडे बदला, पण हिशेब मांडल्याशिवाय एकही पिशवी आणू नका.

त्यात अळी आहेच. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी हा वांग्याचा सगळ्यात मोठा शत्रू. एवढा मोठा, की तिच्यासाठी बीटी वांगं तयार केलं गेलं आणि त्यावर देशभर वाद होऊन फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने त्याला स्थगिती दिली. गच्चीवर पाच झाडं असतील, तर रोज सकाळी चहा घेता घेता तुम्ही शेंडे तपासू शकता. मान टाकलेला शेंडा दिसला, की खालून कापून नष्ट करायचा. किडकं फळ झाडावर ठेवायचं नाही. पण पन्नास झाडं झाली आणि चार दिवस लग्नाला गावी गेलात, तर परत येऊन काय दिसेल ते सांगायला नको.

मग धंदा नाहीच का? आहे. पण माझं मत स्पष्ट आहे: शेतकऱ्याशी भावात स्पर्धा करू नका. तो एकरात पिकवतो, तुम्ही पिशवीत. तुमचं गिऱ्हाईक भाजी घेणारं नाही, तर "माझ्या बाल्कनीत वांगं लागलं" म्हणून फोटो काढणारं आहे. त्याला वांगं नको, झाड हवंय.

म्हणून तयार पिशवी विका. बुटकी, छोट्या फळांची जात निवडा, भरल्या वांग्याला चालेल अशी. पाकिटावर झाडाची उंची वाचून घ्या. बी ट्रेमध्ये टाकलं, की चार-पाच आठवड्यांत रोप तयार होतं. किमान बारा इंची पिशवीत, भरलेल्या मातीसकट रोप द्या. खर्च १५० आला आणि २५० ला विकली, तर वीस पिशव्यांत २,००० सुटतात, तेही दीड महिन्यात. अळीची टांगती तलवार तुमच्यावर कमी, पण जबाबदारी संपत नाही. "सहा तास ऊन नसेल तर घेऊ नका" हे विकायच्या आधी सांगा. एक विक्री जाईल, नाव राहील. पंधरा दिवसांत रोप मेलं तर एकदा बदलून द्या. महिन्याने फोन करा. खताची पुढची ऑर्डर त्याच फोनवर मिळते.

आता वेळ. चातुर्मासात अनेक घरांत वांगं बंद असतं. चंपाषष्ठीला मात्र खंडोबाच्या नैवेद्याला भरीत-रोडगा लागतोच. लागवडीनंतर फळ यायला साधारण ६० ते ७० दिवस लागतात. म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात बी पेरा, सप्टेंबरच्या मध्याला पिशव्या पोहोचवा. "चंपाषष्ठीचं भरीत घरच्या वांग्याचं" ही एक ओळ कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त काम करेल. पितृपक्षात बरेच लोक नवीन खरेदी टाळतात, म्हणून ऑर्डर आणि आगाऊ रक्कम गणपतीतच घेऊन ठेवा.

संकरित वाण असेल, तर त्याच्या फळाचं बी धरून पुढच्या वर्षी विकू नका. झाडं सारखी येत नाहीत आणि गिऱ्हाईक तुम्हाला खोटं समजतं. बी दरवर्षी नवं घ्या, बिल जपून ठेवा. रोपं मोठ्या प्रमाणात विकायची झाली, तर आधी तालुका कृषी कार्यालयात परवान्याचं विचारून या.

त्या ताईंचं काय झालं? उरलेल्या पिशव्यांत यंदा त्यांनी रोपं लावली आणि आपल्याच सोसायटीत अकरा पिशव्या विकल्या. आठ हजार अजून पूर्ण निघालेले नाहीत. पण आता त्या पेरायच्या आधी ऑर्डर मोजतात.

तुम्हीही पहिला हंगाम फक्त पाच झाडं लावा. चौघांच्या घराला आठवड्याला एक भाजी निघेल आणि गिऱ्हाईक विचारेल त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तुमच्या हाताला कळेल. जे झाड स्वतः जगवलं नाही, ते दुसऱ्याला विकायचं नाही. एवढा एक नियम पाळा, बाकी धंदा शिकता येतो.