न पाहिलेल्या मालाचा विसार

गुरांच्या बाजारात सौदा कसा होतो, हे ज्याने लक्षपूर्वक पाहिले आहे, त्याला आपल्या शेतकऱ्याच्या व्यवहारचातुर्याविषयी शंका उरत नाही. बीड जिल्ह्यातील नेकनूरच्या किंवा हिरापूरच्या बाजारात बैल घ्यावयास आलेला मनुष्य प्रथम बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. मग खूर, डोळे व खांदा पाहतो. त्याला चार पावले चालवून पाहतो. मालकाने कितीही शपथा वाहिल्या, तरी या तपासणीतून एक पायरीही गाळली जात नाही. आणि मालकालाही त्यात आपला अपमान झाला असे वाटत नाही. भाव ठरला म्हणजे विसार दिला जातो. आपल्याकडील बोलीत त्याला ‘इसार’ म्हणतात. तोही चार माणसांच्या देखत. पुढे बाजार समितीची पावती होते, रक्कम मोजली जाते आणि मग बैलाचे दावे नव्या धन्याच्या हातात येते.

आता याच मनुष्याला एक जुनी मोटारसायकल घ्यावयाची आहे. मोबाइलच्या पडद्यावर त्याला तिचे छायाचित्र दिसते, किंमत बाजारभावाहून बरीच कमी दिसते. आणि ज्याने बैलाचे दात पाहिल्यावाचून रुपयाही सोडला नसता, तो वाहन न पाहता, विकणाऱ्याचे तोंडही न पाहता, पाच हजार रुपये पाठवून मोकळा होतो. असे का व्हावे? लोक म्हणतात, हा मूर्खपणा आहे, हा लोभ आहे. मला हे म्हणणे पटत नाही. बाजारात त्याचे शहाणपण एकट्याचे नव्हते. शेजारचा गाडीवान, दलाल, पावती लिहिणारा कारकून, अगदी उगाच भोवती जमलेली बघी मंडळीसुद्धा त्याच्या बाजूने उभी होती. घरात मोबाइल हाती घेऊन बसलेल्या माणसाजवळ यांपैकी कोणीही नसते. फसवणारा नेमका हाच एकांत शोधतो.

या नव्या बाजाराचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. शिरूर कासारच्या माणसाला पुण्यातील वा छत्रपती संभाजीनगरातील जुना पंप किंवा शिलाईयंत्र घरबसल्या दिसावे, ही सोय लहान नव्हे.

परंतु फसवणुकीची तऱ्हा जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे. जाहिरात देणारा पुष्कळदा आपण सैन्यातील जवान असल्याचे सांगतो. गणवेषातील छायाचित्र व ओळखपत्रही पाठवतो. ती दोन्ही कोणा भलत्याचीच असतात. आपली बदली दूर झाली आहे, म्हणून वाहन स्वस्तात द्यावयाचे आहे, छावणीतून बाहेर येता येत नाही, सबब वाहन सैन्याच्या गाडीने घरपोच पाठवू, असे तो म्हणतो. सैनिकाविषयी आपल्या मनात जो आदर आहे, त्याचेच हे भांडवल. प्रथम तो वाहतुकीसाठी थोडी रक्कम मागतो. ती मिळाली की कर, मग विमा, मग कसली तरी अनामत. आणि प्रत्येक वेळी ही रक्कम परत मिळणारी आहे, असे आश्वासन. इकडे घेणाऱ्याच्या मनात हिशेब बदललेला असतो. तो आता मोटारसायकलीसाठी पैसे भरीत नसतो. आधी गेलेले वाचविण्यासाठी भरीत असतो. बुडत्याचा पाय खोलात जातो तो असा.

आपल्या जिल्ह्यात या हानीला आणखी एक अंग आहे. धारूर, वडवणी, पाटोदा, आष्टी या भागांतून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम मिळते, ती उचल. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि हंगामभर त्या कोयत्याने ती उचल फेडावयाची असते. न फिटल्यास ती पुढील वर्षाच्या डोक्यावर बसते. अशा उचलीतून जुनी मोटारसायकल घ्यावयास निघालेल्या माणसाचे वीस हजार रुपये गेले, म्हणजे त्याची शिल्लक गेली असे म्हणता येत नाही. शिल्लक त्याच्यापाशी नव्हतीच. अजून शेतात उभा असलेला ऊस, अजून बांधावयाच्या मोळ्या, अजून व्हावयाच्या पहाटा, यांची मजुरी आधीच गेलेली असते. म्हणून या गरजू माणसाला लोभी ठरविणाऱ्यांचा मला राग येतो.

विकणाराही सुरक्षित नसतो. ‘तुमचे कपाट मी घेतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील,’ असे त्याला सांगण्यात येते. कधी विश्वास बसावा म्हणून आधी दहा रुपये खरोखर पाठविलेही जातात. यूपीआयचा पिन हा आपल्या तिजोरीची किल्ली आहे; ती फिरवली जाते ती आपले पैसे बाहेर जाताना. पैसे घेण्यासाठी पिन घालावा लागत नाही आणि कोड स्कॅन करावा लागत नाही. तसेच पैसे पाठविल्याचे चित्र कोणी दाखविले, तरी ते केवळ चित्र असते. आपल्या खात्यात रक्कम जमा झाली की नाही, हे खाते उघडूनच पाहावे.

फसलेला मनुष्य बहुधा गप्प बसतो. घरचे बोलतील, गावात हसे होईल, ही त्याची भीती. वास्तविक हाच वेळ सर्वांत मोलाचा असतो. फसवणारे लोक आलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात झपाट्याने हलवितात. 1930 या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळविल्यास ती रक्कम वाटेतच अडविली जाण्याचा संभव असतो. चार दिवस लाजण्यात घालविल्यास तो जवळजवळ उरत नाही. चोरी झालेल्या घरातील माणसांना आपण हसत नाही, मग यालाच का हसावे?

विद्यार्थ्यांनो, हे तुम्हांला सांगण्याचे कारण आहे. अनेक घरांत मोबाइल वडिलांचा असला, तरी त्यावर फिरणारे बोट तुमचे असते. आईवडील उसाच्या फडावर असताना गावी आजीजवळ किंवा वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला फोनवर ‘एखादी गाडी बघून ठेव’ असा निरोप येतो. बघून ठेवणे म्हणजे छायाचित्र बघणे नव्हे, हे तुम्हीच त्यांना सांगू शकता. विकणारा माजलगावचा असेल, तर वडील परतल्यावर रविवारी एस. टी. ने माजलगावला जावे. सोबत एखादा जाणता मिस्त्री न्यावा. नोंदणीपत्रावरील इंजिन व सांगाड्याचे क्रमांक वाहनावर ताडून पाहावेत; त्या पत्रावर एखाद्या बँकेच्या कर्जाची नोंद आहे काय, हे वाचावे; मालकीबदलाच्या 29 व 30 क्रमांकांच्या नमुन्यांवर त्याच्या सह्या घ्याव्यात आणि मग पैसे द्यावेत. दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे व मिस्त्रीचा चहा हा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा. आणि रविवारपर्यंत थांबावयास विकणारा तयार नसेल, ‘आणखी दोन गिऱ्हाइके आहेत, आत्ताच विसार पाठवा’ म्हणत असेल, तर ती गाडी त्या दोघांना खुशाल घेऊ द्यावी.