ज्ञानाचे दिवे आणि राज्याचा अंधार

पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार, असा प्रश्न २०२३ च्या नागपूर अधिवेशनात सत्ताधारी बाकांवरून विचारला गेला. टीकेचे मोहोळ उठले, अधिवेशन संपले, विषय मिटला. परंतु ती केवळ जीभ घसरली नव्हती. संशोधकाविषयी या व्यवस्थेच्या अंतरंगात जे आहे, तेच ओठांवर आले!

विश्वगुरुपदाच्या गर्जना करणारा हा देश २०२०-२१ साली आपल्या सकल देशांतर्गत उत्पादनाचा अवघा ०.६४ टक्के भाग संशोधनावर खर्चत होता. केंद्रीय विद्यापीठांतील नेट परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या संशोधकाच्या हातावर दरमहा ठेवले जाणारे ८,००० रुपये दशक उलटले तरी जागचे हललेले नाहीत. आणि आमच्या महाराष्ट्रात? बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या ज्या मुलामुलींनी अभिलेखागारात आणि प्रयोगशाळेत बसायचे, ती हक्काच्या अधिछात्रवृत्तीसाठी आझाद मैदानात बसली. त्यांतील कित्येकांच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे, हे ठाऊक असूनही ज्यांना पाझर फुटला नाही, त्यांनी फुले-शाहू-आंबेडकरांच्या प्रतिमांना हार घालू नयेत.

बरे, हे सारे सोसून, नेट-सेटचे डोंगर ओलांडून, प्रबंध पुरा करून जो बाहेर पडतो, त्याच्या पदरी काय पडते? तासिका तत्त्व! मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवायची, डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला घड्याळी तासाने राबवायचे, सुटीत त्याला उपाशी ठेवायचे, जूनमध्ये पुन्हा मुलाखतीच्या रांगेत उभे करायचे आणि त्याच विद्यापीठाने मूल्यांकनाच्या वेळी संशोधन कुठे आहे म्हणून गळा काढायचा. ही शुद्ध पिळवणूक आहे.

संशोधन कसे घडते, हेही याच महाराष्ट्राने पाहिले आहे. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभले. ते १९६६ मध्ये सिद्धीस गेले. प्रमुख संपादक सुखटणकर १९४३ मध्ये अर्ध्या वाटेवर निवर्तले; बेलवलकरांनी आणि पुढे वैद्यांनी ते खांद्यावर घेतले, कारण हातात हात देणारी माणसे घडवून टिकवली गेली होती. ४७ वर्षांचे असे काम जूनपासून एप्रिलपर्यंतच्या नेमणुकीवर कोण करील?

वाचकहो, उद्या मत मागायला जो तुमच्या दारी येईल, त्याला उंबऱ्यावरच थांबवा आणि विचारा: आमच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत प्राध्यापकांची किती पदे रिक्त आहेत, आणि ती कोणत्या तारखेला भरणार?