पीयूसी आहे, मग ट्रकचा धूर काळा का?

दंडाची पावती फाडली म्हणून धूर थांबत नाही. तो का येतोय हे शोधावं लागतं. आणि आपली तपासणी नेमकं तेच विचारत नाही.

कसारा घाट असो की कात्रजचा, पुढे लोड भरलेला ट्रक काळा धूर सोडत चालला असेल तर तुम्ही काय करता? हेल्मेटची काच खाली, श्वास रोखलेला आणि मनातल्या मनात ड्रायव्हरला एक शिवी. या ट्रकला पीयूसी कुणी दिलं, असाही प्रश्न पडतोच. सरळ वाटणारं उत्तर म्हणजे पैसे देऊन घेतलं असेल. तसं होत नाही असं नाही. पण गंमत अशी की एकही पैसा न चारता, अगदी प्रामाणिकपणे पीयूसी पास झालेला ट्रकसुद्धा घाटात काळा धूर सोडू शकतो.

कसं? त्यासाठी आधी धूर काळा का होतो ते बघू.

हवा कमी, डिझेल जास्त

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी. डिझेल पूर्ण जळायला भरपूर हवा लागते. ती कमी पडली किंवा डिझेल गरजेपेक्षा जास्त आलं की काजळी तयार होते. निळा धूर वेगळा, तो इंजिन ऑइल जळतंय असं सांगतो. पांढरा धूर बहुतेकदा न जळलेल्या डिझेलचा किंवा कूलंटच्या वाफेचा. काळ्याचं दुखणं मात्र एकच, हवा आणि डिझेलचा हिशेब चुकलाय.

आजच्या ट्रकमध्ये हा हिशेब टर्बो सांभाळतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक चाक फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून आत ढकलतं. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड होऊन इंजिनात जाते. फिल्टर, टर्बो, पाइप, इंटरकूलर, पुन्हा पाइप, मग इंजिन. या साखळीत कुठेही गळती झाली किंवा कोंडलं, तरी हवा कमी पडते आणि सायलेन्सरमधून काळं बाहेर येतं.

एक लक्षात ठेवा. जुन्या टर्बो गाडीने रेस देताच एक झुळूक काळा धूर सोडला, तर लगेच घाबरायचं कारण नाही. टर्बोला वेग पकडायला क्षणभर लागतो, तेवढ्यात डिझेल पुढे निघून गेलेलं असतं. पण अख्खा चढ संपेपर्यंत धूर थांबतच नसेल, तर गाडीत काहीतरी बिघडलंय.

मिस्त्री कुठून सुरुवात करतो?

चांगला मिस्त्री स्वस्तातल्या गोष्टींपासून सुरुवात करतो. सगळ्यात आधी एअर फिल्टर. वाळू, खडी, सिमेंटच्या कामावरचा ट्रक असेल तर फिल्टर लवकर कोंडतो. मग टर्बो ते इंजिनपर्यंतचे रबरी पाइप आणि त्यांच्या क्लिपा. चिरलेला पाइप उभ्या गाडीत सापडेलच असं नाही. लोडवर दाब वाढला की चीर उघडते, फुस्स असा आवाज येतो, गाडी ओढत नाही. जोडापाशी तेलकट डाग दिसला तर तीही एक खूण असते.

हे सगळं ठीक असेल तर पुढे ईजीआर व्हॉल्व्ह. जळलेला थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारा हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला, तर ताज्या हवेची जागा धूर खातो. नव्या गाड्यांमध्ये स्कॅनर लावून सेन्सर तपासावे लागतात, कारण हवेचं माप चुकलं की डिझेलचंही चुकतं. त्यानंतर नोझल. त्याने बारीक फवारा मारायला हवा, तो थेंब टाकायला लागला की डिझेल नीट जळत नाही. टर्बोच्या दांड्यातला खेळ बघायचा तो साधारण शेवटी, कारण टर्बो ही महागडी गोष्ट आहे.

उलट सुरुवात केली तर काय होतं? नवा टर्बो बसतो, हजारो रुपये जातात, आणि फाटक्या पाइपमुळे धूर तसाच राहतो.

काही वेळा बिघाड मुद्दाम केलेला असतो. पिकअप वाढावा म्हणून जुन्या पंपाची सेटिंग फिरवून डिझेल वाढवलं जातं. बीएस-६ ट्रकमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो शाबूत असेल तर काळा धूर डोळ्यांना दिसायलाच नको. नवाकोरा ट्रक धूर सोडत असेल तर फिल्टर फुटलाय की काढून टाकलाय, एवढाच प्रश्न उरतो.

तपासणी उभ्या गाडीची

आता पुन्हा पीयूसीकडे येऊ. डिझेल गाडीची चाचणी होते ती गाडी उभी ठेवून. गिअर न्यूट्रलमध्ये, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि धुरातून किती प्रकाश अडतो ते मोजायचं. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा २.४५ आहे, बीएस-४ ला १.६२. चाचणी निरुपयोगी नाही. खराब नोझल, वाढवलेला पंप तिच्यात सापडू शकतो. पण पाठीवर लोड नाही, समोर चढ नाही. टर्बोवर खरा ताण येतच नाही. म्हणजे दमेकऱ्याला खुर्चीत बसवून, जिने चढता येतात असं सर्टिफिकेट दिल्यासारखं झालं!

दुसरीकडे कायदा कडक झालाय. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचे नियम मोडले तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दिल्लीने तर वयच मोजलं. १ जुलै २०२५ पासून दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही, असं ठरलं. विरोध झाला, अडचणी आल्या आणि काही दिवसांतच ती अंमलबजावणी थांबली.

एकीकडे कागद तपासतात, दुसरीकडे वय. धुराचं कारण कुणीच विचारत नाही. नीट राखलेला बारा वर्षांचा ट्रक आणि फिल्टर काढलेला दोन वर्षांचा ट्रक शेजारी उभे केले, तर वयाच्या नियमात पकडला जाईल तो पहिला.

या गोंधळाची किंमत मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगाचं सिद्ध कारण असलेल्या गटात टाकलं, तंबाखूच्याच गटात. हा धूर सगळ्यात जास्त कोण घेतं? टोलनाक्यावरचे कर्मचारी, ट्रॅफिक पोलीस, टू-व्हीलरवाले आणि केबिनमध्ये दिवस काढणारे ड्रायव्हर-क्लीनर. त्यात देखभालीचा खर्च टाळतो मालक, आणि रस्त्यावर हात दाखवून थांबवला जातो ड्रायव्हर.

मग करायचं काय?

चालत्या गाडीचा धूर रस्त्याकडेच्या सेन्सरने मोजता येतो, ते तंत्रज्ञान आहे. घाटाच्या चढावर ते लावलं तर खरा धूर सापडेल. दंडासोबत दुरुस्तीची मुदत द्यावी. ट्रक पुन्हा तपासावा आणि काय बिघडलं होतं याची नोंद ठेवावी. फिल्टर काढलेला सापडला तर जबाबदारी मालकाची आणि काढून देणाऱ्याची धरावी, नुसती ड्रायव्हरची नको.

आणि तुमच्या घरचाच ट्रक किंवा टेम्पो असेल तर आणखी सोपं आहे. काळा धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेलं, पण कामाला न आलेलं डिझेल. पीयूसीची तारीख यायची वाट बघू नका. लोड भरून एखादा चढ चढवा, आरशात मागे बघा. धूर थांबत नसेल तर आधी फिल्टर उघडा, मग पाइप तपासा. टर्बो बदलायचं कुणी पहिल्याच भेटीत सुचवलं, तर त्याला एवढंच विचारा, ‘पाइप बघितले का?’