दारू ‘जास्त’ झाली, हे कोण ठरवणार?

खर्डी स्टेशनापासून तासभर चालल्यावर लागणाऱ्या एका पाड्यावर मी बायकांच्या बैठकीत विचारलं, “कुणाच्या घरी दारूचा त्रास आहे?” तीन हात वर आले. तिघींनाही मार बसत होता. मागे बसलेली एकजण म्हणाली, “आमचा दारूडा नाय ताई. रोजची एक कॉटर घेतो नि गप निजतो.” मी वहीत लिहिलं : तीन घरं.

परतताना तीच बाई वाटेपर्यंत सोबत आली. मजुरीच्या दिवशी ती पोराला नाक्यावर पाठवते, बाप दुकानात शिरायच्या आत निम्मे पैसे मागून आणायला. रात्री पोर तापलं तर दिराला उठवते. सकाळी नवऱ्याचे हात थरथरतात, घोटभर घेतली की थांबतात. एवढं सांगून ती पुन्हा म्हणाली, “पण तरास काय नाय.”

त्या रात्री घरी आले तेव्हा माझ्या नवऱ्याचा दुसरा पेग चालू होता. रोज दोनच घेतो. नोकरी चोख, आवाज कधी चढत नाही. पण सासूबाईंची औषधं, मुलीची फी, जे काही बोलायचं ते मी आठच्या आत उरकते. आठनंतर तो ‘हो’ म्हणतो आणि सकाळी त्याला आठवत नाही. एम.एस.डब्ल्यू. होऊनही नऊ वर्षं मी याला ‘सवय’ म्हणत आले. चौथं आणि पाचवं घर माझ्या वहीत नव्हतंच.

मैत्रिणींनो, सवय कुठे संपते आणि समस्या कुठे सुरू होते, याचं माप आपण घेतलं कुणाकडून? पिणाऱ्याकडूनच. गटारात पडत नाही, कामाला जातो, हात उचलत नाही, मग ठीक आहे. आणि आपल्या संघटनाही बाई मार खाऊन आली तरच केस नोंदवतात. मारहाण हा गुन्हाच आहे, शुद्धीत केली तरी. पण मार नाही म्हणून दारूचा त्रास नाही, हे कुणी ठरवलं?

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. चांगली आहे, वापरावी. तिच्यात विचारतात, एका बैठकीला सहा किंवा जास्त पेयं किती वेळा होतात? एक पेय म्हणजे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आता हिशोब करा. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्की-रमची 180 मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे साधारण सहा पेयं. 60 मिलिलिटरचे ‘दोनच’ पेग म्हणजे चार. हातभट्टीला तर मापच नाही. घरच्यांना काळजी वाटते का, हा प्रश्न दहावा, म्हणजे शेवटचा. त्याचंही उत्तर पिणाराच देतो!

म्हणून आपले प्रश्न बाईला विचारूया. त्याच्या पिण्याच्या वेळेभोवती तू तुझी कामं लावतेस का? पैसे लपवतेस का? त्याच्या वतीने खोटं बोलतेस का? पिऊन आलाय हे मुलं पावलांवरून ओळखतात का? उत्तर ‘हो’ असेल तर समस्या आहे, तो किती पितो हे मोजायची वाट पाहू नये. त्याला सुधारण्याची जबाबदारी मात्र यातून तिच्यावर येत नाही. ‘तू सांभाळून घे’ हे तिला पुष्कळजणांनी सांगून झालंय.

एक खबरदारी. सकाळी हात थरथरतात, प्यायल्यावर थांबतात, ही शरीराला लागलेली दारू आहे. अशा माणसाला शपथ घालून एकदम सोडायला लावू नका. झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग शपथ. पुण्यात 1986 साली ‘मुक्तांगण’ सुरू झालं, तेव्हापासून व्यसन हा आजार आहे हे मराठीत पुन्हा पुन्हा सांगितलं गेलंय. पाड्यावर आपण अजून शिव्या आणि शपथा यांच्याच मध्ये अडकलो आहोत.

आमच्या भागात कुणाचं पिणं वाईट हे बाहेरच्यांनी ठरवण्याची रीत जुनी आहे. 1892 च्या मोहरा कायद्याने ठाणे-कुलाब्यातल्या लोकांच्या मोहफुलांवर बंधनं घातली. काळजी होती सरकारी महसुलाची. सणाला मोहाची घेणारी आदिवासी बाई आजही आपल्या शिबिरांत ‘व्यसनी’ ठरते, आणि रोज पेग भरणारा शिकलेला माणूस ‘सोशल’. हा दुटप्पीपणा माझ्या घरातच होता.

2008 च्या नियमांनुसार गावातलं दुकान बंद करायला निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी बाटली आडवी करावी लागते. ती लढाई आपण लढूच. पण उंबऱ्याच्या आतल्या बाटलीबद्दल एका बाईचं मत पुरेसं आहे. ते मी दिलं, गेल्या रविवारी, सकाळी, तो शुद्धीत असताना. उत्तर अजून आलेलं नाही. वहीत मात्र आता पाच घरं आहेत.