मोठ्यांना छत्र, धाकट्यांना ऊन

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे वर्गात जे शिकते त्याचा जाब संध्याकाळी घरी द्यावा लागतो. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी ‘बुडू देता येणार नाहीत इतक्या मोठ्या बँका’ हा विषय शिकविला. घरी तो सांगू लागले तेव्हा मार्केट यार्डातून हमाली करून आलेले अण्णा भिंतीला पाठ टेकून ऐकत होते. सगळे ऐकून ते म्हणाले, “अगं, मग आपली पतसंस्था कशी काय बुडू दिली?” मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

आमच्या भागात एक पतसंस्था होती. तिचा पिग्मी एजंट रोज दारात येई. आई शिलाईच्या पैशांतून त्याच्या हाती कधी वीस, कधी तीस रुपये ठेवी. त्या पैशांची पुढे ठेव झाली. माझ्या शिक्षणासाठीच ती होती. मी बारावीत असताना संस्थेचे शटर खाली आले. कर्जे सोयऱ्याधायऱ्यांना वाटली गेली होती, असे लोक बोलत. अवसायक नेमला गेला. आईचे बेचाळीस हजार रुपये अजून कागदावरच आहेत, आणि तो कागद तिने देवघरात ठेवला आहे.

आता मोठ्यांचे पाहू. अमेरिकेत १९८४ साली शिकागोची काँटिनेंटल इलिनॉय ही बँक कोलमडली, तेव्हा सरकारने तिला सावरले. ‘बुडण्यास फार मोठी’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला. उलट १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडू दिली गेली आणि साऱ्या जगाचा बाजार हादरला. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला वाचविण्यासाठी ८५ अब्ज डॉलरचे कर्ज देऊ करावे लागले.

आपल्याकडेही असेच चित्र दिसते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. ठेवीदाराला प्रारंभी अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ही मर्यादा पुढे वाढत गेली. पण बँकेचे विलीनीकरण व्हावयास जानेवारी २०२२ उजाडला, आणि मोठ्या ठेवीदारांना दहा वर्षांपर्यंतचे हप्ते बांधून मिळाले. त्याच सुमारास, ५ मार्च २०२० रोजी, येस बँकेवरही निर्बंध आले. तेथे मर्यादा पन्नास हजारांची होती. स्टेट बँकेने ६,०५० कोटी रुपये घातले, इतर बँकाही धावल्या, आणि १८ मार्चला निर्बंध उठलेदेखील! एकीकडे तेरा दिवस आणि दुसरीकडे दोन वर्षांहून अधिक काळ. ठेवीदार मात्र दोन्हीकडे सारखेच घामाचे पैसे ठेवणारे होते.

मग मोठ्यांनाही बुडू द्यावे काय? असे मी मुळीच म्हणणार नाही. उद्या स्टेट बँक अडली तर पगार, पेन्शन आणि माझी शिष्यवृत्तीसुद्धा अडेल. मोठ्या बँकेला वाचविणे हा नाइलाज आहे. पण ‘काही झाले तरी सरकार धावून येईल’ ही खात्री फुकट मिळाली की माणूस बेफिकीर होतो. नफा झाला तर भागधारकांचा आणि तोटा झाला तर जनतेचा, हा कुठला न्याय? म्हणूनच रिझर्व्ह बँकेने स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय या तिघींना ‘व्यवस्थेच्या दृष्टीने महत्त्वाच्या’ ठरवून त्यांच्यावर जादा भांडवलाचे बंधन घातले आहे. १ एप्रिल २०२५ पासून हे प्रमाण जोखमीनुसार मोजलेल्या मालमत्तेवर अनुक्रमे ०.८०, ०.४० आणि ०.२० टक्के असे आहे. दिशा योग्य आहे. पण ज्याला छत्र मोठे त्याने मोलही मोठे द्यावे, या न्यायाने हे बंधन मला सौम्यच वाटते.

आणि धाकट्यांचे काय? बँकेतील ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. १९९३ पासून ते एक लाखाचे होते. फेब्रुवारी २०२० मध्ये ते पाच लाखांचे झाले. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूदही झाली. पण हा विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, तर सहकार खात्याच्या देखरेखीखाली येतात. पाटी, पासबुक, काउंटर हे सारे बँकेसारखेच, फक्त विमा तेवढा नाही. ही गोष्ट माझ्या आईला कोणीही सांगितली नव्हती. अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. आमची संस्था बुडाली तेव्हा देशाच्या बाजाराला धक्का बसला नाही, म्हणून कोणी धावले नाही. आमच्या घराला जो धक्का बसला तो मोजण्याचे माप कोणाकडे नव्हते.

माझ्या मते दोन गोष्टी तातडीने व्हाव्यात. पतसंस्थांतील लहान ठेवींना, निदान एक लाखापर्यंत, कायद्याने विमा मिळावा आणि त्याबरोबर कडक तपासणीही यावी. तोवर प्रत्येक पतसंस्थेच्या दारावर ठळक मराठीत पाटी असावी : ‘येथील ठेवींना विमा नाही.’ पाटीला खर्च तो किती?

परवा हे सारे मी घरी सांगितले. अण्णा म्हणाले, “पाटी असती तरी तुझ्या आईला वाचता कुठे येते?” मी क्षणभर गप्प झाले. मग म्हटले, “अण्णा, आता मला येते ना!” विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्या शिक्षणाचा पहिला उपयोग हाच असावा. आपल्या घरातली पासबुके एकदा आपण वाचून पाहूया.

— द्वितीय वर्ष, बी. ए.